दोनशेत एकदा

आमच्या घराची चौथी किल्ली तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाईंकडून परत आणायची, असं मी एका बुधवारी ठरवलं. निर्णय एवढासाच होता, आणि त्याला गणिताचा भक्कम आधार होता. (माझे सगळे घोटाळे भक्कम आधारावरच उभे असतात.)

घरात आम्ही तिघं. मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून. बायको हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर. आणि तिचे वडील, म्हणजे माझे सासरेबुवा, ज्यांनी अडतीस वर्षं कुलपं बनवली आणि दुरुस्त केली. आमच्या दाराचं कुलूप त्यांनी स्वतः बनवून बसवलेलं आहे. आत पाच लिव्हर. दार नुसतं ओढलं की खट्‌ करून लागतं, आणि मग किल्लीशिवाय ते ब्रह्मदेवालाही उघडत नाही. हे वाक्य माझं नाही, सासरेबुवांचं. दारात कुणीही आलं, अगदी वीजमीटर बघायला आलेला माणूस असला, तरी ते त्याला हे ऐकवल्याशिवाय सोडत नसत.

तिघांच्या तीन किल्ल्या, आणि चौथी डॉक्टरबाईंकडे. आठवड्यातून एकदा तरी मी किल्ली विसरायचो आणि संध्याकाळी ऑफिसातून येऊन, सासरेबुवा फिरायला गेलेले असले की, त्यांच्या दवाखान्याच्या दारात उभा राहायचो. माझी तक्रार किल्लीबद्दल नव्हती. बाई किल्ली द्यायच्या, पण त्याआधी म्हणायच्या, "आलाच आहात तर बसा दोन मिनिटं खुर्चीत." मग तोंडात आरसा घालून माझ्या उजवीकडच्या खालच्या दाढेकडे बघत राहायच्या, आणि ज्या आवाजात नातेवाईकांना बाहेर बोलावून सांगतात, त्या आवाजात म्हणायच्या, "ही काढावी लागेल."

त्याच सुमारास बायकोने खात्याच्या परीक्षेचा फॉर्म भरला. हेड क्लार्क व्हायचं तर ती परीक्षा द्यावी लागते. याआधी तिने दोनदा फॉर्म भरला होता आणि दोन्ही वेळा परीक्षेला बसली नव्हती. पहिल्यांदा माझी आई आजारी होती म्हणून, आणि दुसऱ्यांदा मी. (मला साधा ताप होता. पण मी ताप नेहमी मोठ्या प्रमाणावर साजरा करतो.) आता वयाची अट आडवी येत होती. ही शेवटची संधी. बाकीचे विषय तिला पाठ होते, फक्त अंकगणितात एक नवीन धडा घातला होता: संभाव्यता. त्यातही स्वतंत्र घटना.

"मी शिकवतो," मी म्हणालो.

"तुम्हाला येतं?"

"त्यात काय यायचंय?"

खरं म्हणजे मला येत नव्हतं. मी दुपारी रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या आड बसून धडा वाचायचो आणि संध्याकाळी घरी जन्मापासून येत असल्यासारखा शिकवायचो.

पहिल्या दिवशी नाणं घेतलं. मी पाच वेळा उडवलं, पाचही वेळा छापा. सासरेबुवा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आता काटा येणार. पाळी त्याची आहे."

"बरोबर," मी म्हणालो. "शक्यता वाढत जाते."

"कशी वाढेल?" बायकोने विचारलं. "आधी काय पडलं ते नाण्याला कुठे आठवतंय?"

मी पुस्तक उघडलं. पुस्तक बायकोच्या बाजूने होतं. मी म्हणालो, "शाब्बास. तू सांगतेस का तेच बघत होतो." सासरेबुवांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. चोर किल्ली ओळखायला ते कधी चुकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी नाणं आणि फासा. छापा पडण्याची शक्यता दोनात एक, सहा पडण्याची सहात एक. दोन्ही एकदम पडायचं तर गुणाकार, बारात एक. इथे मी चांगलाच रंगात आलो. "स्वतंत्र घटना म्हणजे एकीला दुसरीची खबर नसते. नाणं फाशाला ओळखत नाही, फासा नाण्याला विचारत नाही. म्हणून सरळ गुणायचं. आता घरातलं उदाहरण घे. मी किल्ली विसरण्याची शक्यता किती?"

"दोनात एक."

"दहात एक म्हण."

"चारात एक," ती म्हणाली. "याच्या खाली मी येणार नाही."

तिची स्वतःची दहात एक ठरली. सासरेबुवा म्हणाले, "माझी शून्य."

"बाबा, शून्य धरून चालत नाही," मी समजावलं. "शून्याने गुणलं की सगळं शून्य होतं."

"मग होऊ दे. मी किल्ली विसरत नाही."

"परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला," बायको म्हणाली.

"तो चष्मा होता."

पुष्कळ घासाघीस होऊन ते पाचात एकवर आले. मी वहीत लिहिलं: चार गुणिले दहा गुणिले पाच. "म्हणजे तिघंही एकाच वेळी किल्ली विसरण्याची शक्यता दोनशेत एक. दोनशेत एकशे नव्याण्णव वेळा कुणा ना कुणाकडे किल्ली असणारच. मग खाली चौथी किल्ली ठेवायचं कारण काय?"

बायको पेन्सिल चावत होती. "पण आपण तिघं एका घरात राहतो," ती म्हणाली. "नाणं फाशाला ओळखत नाही. मी तुम्हाला ओळखते."

"त्याने उत्तरात फरक पडत नाही," मी म्हणालो. त्या संध्याकाळी मी बोललेल्या वाक्यांपैकी हे सर्वांत महागात पडलेलं वाक्य.

दुसऱ्याच दिवशी, तो बुधवार, मी डॉक्टरबाईंकडून किल्ली परत घेतली. "काही नाराजी?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "छे, आता गणिताने तिची गरज उरलेली नाही." त्या म्हणाल्या, "बरं. दाढेचं गणित काय म्हणतंय?" मी जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढत वर आलो आणि चौथी किल्ली कपाटात आत ठेवून दिली.

परीक्षा रविवारी सकाळी अकरा वाजता होती. घरून दहाला निघायचं होतं. सव्वानऊला परिस्थिती अशी: बायको घरातल्या गाऊनवर, वही घेऊन गच्चीत फेऱ्या मारत उजळणी करत होती. सासरेबुवा रविवारचा पेपर अजून का आला नाही ते बघायला खाली फाटकापाशी गेले होते. मी तिचे परीक्षेचे कपडे इस्त्री करत होतो. टेबलावर तिची पर्स, पेनं आणि हॉल तिकीट ओळीने मांडून ठेवलं होतं. ही मांडणी माझी.

इस्त्री करता करता मला एकदम आठवलं की 'किमान एक' या प्रकारच्या उदाहरणात आधी 'एकही नाही' काढायचं आणि मग एकातून वजा करायचं, हे आपण तिला सांगितलंच नाही. मी इस्त्री ठेवली आणि गच्चीकडे धावलो. जाताना वारा आला. टेबलावरचं हॉल तिकीट उडून जाऊ नये, म्हणून मी मागे वळून दार नीट ओढून घेतलं.

खट्‌.

गच्चीत पोचून मी रीत सांगितली. ती म्हणाली, "ते मला येतं. दार कुणी धरलंय?"

"कुणी म्हणजे?"

"बाबा खाली गेलेत ना?"

मी खिसे चाचपले. माझ्या घरातल्या लेंग्याला खिसे नाहीत, तरी चाचपले.

आम्ही जिन्यावर आलो तेव्हा सासरेबुवा पेपर काखेत मारून वर येत होते. तिघंही बंद दारासमोर उभे राहिलो. प्रत्येकाने उरलेल्या दोघांच्या हातांकडे बघितलं. सहा हात, एक वही, एक पेपर.

"तुम्ही किल्ली का नाही घेतली?" बायकोने मला विचारलं.

"तू वर होतीस, मला वाटलं तुझ्याकडे असेल."

"मी नाही घेतली, कारण तुम्ही घरात होतात. बाबा?"

"तुम्ही दोघं घरात," सासरेबुवा म्हणाले. "पेपर आणायला कुणी किल्ली नेतं का?"

बायकोने डोळे मिटले. मला वाटलं आता रडणार. ती म्हणाली, "म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याच्या भरवशावर विसरला. याला स्वतंत्र घटना म्हणतात? मग कशाला गुणलंत?" तिच्या आवाजात राग होता, पण आत कुठेतरी धडा समजल्याचं समाधानही होतं. मला त्याचा काही फायदा मिळाला नाही.

"इस्त्री बंद केली होती का?" तिने पुढचं विचारलं.

"उभी ठेवली होती."

"मी बंद विचारलं."

"उभी होती हे नक्की. म्हणजे बहुतेक."

"किती बहुतेक?"

यावर मी आकडा सांगितला नाही. तेवढी अक्कल तोपर्यंत मला आली होती.

मी खांद्याने दार तोडायचं ठरवलं. चार पावलं मागे जाऊन धडक दिली. दार सासरेबुवांनीच निवडलेल्या लाकडाचं होतं. खांदा धरून मी पायरीवर बसलो. खिडक्यांना गज आहेत, तेही त्यांनीच बसवलेले. फोन तिन्ही आत. "किल्लीवाल्याला बोलावू," मी म्हणालो. सासरेबुवा म्हणाले, "गावात हे उघडेल असे दोघंच. दोघंही माझ्याच हाताखाली शिकलेले, आणि दोघांनाही मी हे शेवटचं शिकवलेलं नाही."

साडेनऊ होऊन गेले होते. बायको खालच्या पायरीवर बसली, गाऊन गुडघ्यांवर ओढून, वही मांडीवर. काही वेळाने अगदी साध्या आवाजात म्हणाली, "जाऊ दे. नाही तर नाही. इतकी वर्षं खिडकीवर बसले, अजून बसेन. काही बिघडत नाही." आणि वहीचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ करत बसली. मला त्या क्षणी ती रागावली असती तर फार बरं वाटलं असतं.

सासरेबुवा तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी कुलपाकडे बघितलं. त्यांच्या मनात काय चाललंय ते मला उशिरा कळलं. ते कुलूप उघडत नाही, ही त्यांनी आयुष्यभरात मिळवलेली एकच गोष्ट होती. ते उघडायचं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःला खोटं पाडायचं. आणि नाही उघडायचं, तर मुलगी पायरीवर बसलेली.

ते मला म्हणाले, "जावईबापू, खाली जा. डॉक्टरबाईंकडे टोकाला वाकलेल्या बारीक सळया असतात. चार आणा. एक अगदी पातळ. आणि हा पेपर त्यांना वाचायला द्या, फुकट मागितल्यासारखं नको."

मी खाली गेलो. खुर्चीत एक शिक्षक होते, तोंड उघडं, गालात कापूस. बाईंनी माझ्या लेंग्याकडे, खांद्याकडे आणि हातातल्या पेपराकडे बघितलं.

"किल्ली नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीच नेलीत."

"किल्ली नको. तुमच्या सळया हव्यात. चार. हिची परीक्षा आहे."

मी सगळं सांगितलं. दोनशेत एकचा हिशोबही सांगितला. खुर्चीतले शिक्षक कापसातून काहीतरी बोलले. बाईंनी कापूस बाजूला केला, तेव्हा ते म्हणाले, "घटना स्वतंत्र नव्हत्या." बाईंनी कापूस परत घातला आणि ट्रेमधून चार सळया वेचून माझ्या हातात दिल्या. "चार दिल्यात, चार परत पाहिजेत. आणि आणून तुम्ही द्यायच्या. दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही."

वर आल्यावर सासरेबुवांनी सळया उजेडात धरून बघितल्या, तीन ठेवल्या, एक मला परत दिली. मग म्हणाले, "दोघंही तोंडं भिंतीकडे करा."

"बाबा, आम्ही काय बघून चोऱ्या करणार आहोत?"

"भिंतीकडे."

आम्ही नवरा-बायको शाळेत शिक्षा झाल्यासारखे भिंतीला नाक लावून उभे राहिलो. मागून अगदी बारीक आवाज येत होते. मधूनच सासरेबुवा पुटपुटत होते, स्वतःशी नाही, कुलपाशी. "हं. इथे तुला मीच खाच दिली होती. ये. ये बाळा." बायकोने भिंतीकडे बघतच माझा हात धरला. दुखऱ्या खांद्याचा धरला, पण मी बोललो नाही.

पहिलं लिव्हर सुटलं ते मला ऐकू आलं. दुसरंही. तिसऱ्याला वेळ लागला. चौथं आणि पाचवं लागोपाठ गेली, आणि दार उघडल्याचा आवाज आला. वळून बघतो तर सासरेबुवा चौकटीला टेकून उभे, कपाळावर घाम. घड्याळात दहाला पाच कमी.

"जा, आवर," ते मुलीला म्हणाले. "किती वेळ लागला?"

"दहा-बारा मिनिटं असतील," मी म्हणालो. "कमालच केलीत बाबा."

"बारा मिनिटं," ते म्हणाले. "अडतीस वर्षांचं काम बारा मिनिटांत." आणि ते आत जाऊन खुर्चीत बसले.

मी इस्त्रीकडे धावलो. इस्त्री उभी होती. थंडगार. प्लग एका बटणाखाली लावला होता, आणि त्याच्या शेजारचं बटण मी चालू केलं होतं. म्हणजे सकाळपासून अर्धा तास मी थंड इस्त्री फिरवत होतो, आणि सुरकुत्या का जात नाहीत म्हणून कापडाला दोष देत होतो. बायकोने ते कपडे तसेच घातले, हॉल तिकीट पर्समध्ये टाकलं, वडिलांच्या पाया पडली आणि मला म्हणाली, "दार लागलं तरी चालेल, पण तुम्ही आतल्या बाजूला राहा." दहा वाजून चार मिनिटांनी ती रिक्षात होती.

उरल्या चार सळया. मी त्या धुतल्या, पुसल्या, कागदात गुंडाळल्या आणि सासरेबुवांना म्हणालो, "फिरायला जाताना देता का?" ते नुसते 'नाही' म्हणाले. मग मी गेलो. पाऊण तासाने परत आलो तेव्हा माझ्या गालात कापूस होता आणि दाढ खालीच राहिली होती.

त्यामुळे दुपारी बायको परत आली तेव्हा मला तोंड उघडता येत नव्हतं. ती म्हणाली की इतकं शांतपणे आपलं ऐकून घेतल्याचं तिला लग्नानंतर पहिल्यांदाच जाणवतंय. पेपर चांगला गेला होता. संभाव्यतेवर एक गणित होतं: हॉस्पिटलात पाण्याचे दोन पंप, एक बंद पडण्याची शक्यता चारात एक, दुसरा दहात एक, दोन्ही एकदम बंद पडण्याची किती? तिने चाळिसात एक असं उत्तर लिहिलं, आणि खाली एक ओळ जास्तीची घातली: 'दोन्ही पंप एकाच मीटरच्या विजेवर आणि एकाच कर्मचाऱ्याच्या भरवशावर चालत नसतील, तरच.'

सासरेबुवा हे ऐकत होते. त्या दिवशी दुपारीच त्यांनी कुलूप दारावरून उतरवून कागदावर त्याचे सगळे भाग मांडले होते. मी खुणेने विचारलं, काय चाललंय? "सहावं लिव्हर बसवतोय," ते म्हणाले. पण चेहरा सकाळसारखा नव्हता. मुलीने चहाचा कप शेजारी ठेवला तेव्हा त्यांनी तिला हलकेच म्हटलेलं मी ऐकलं, "पाच पुरेत खरं म्हणजे. उघडलं ते बरं झालं." चौथी किल्ली ते स्वतः जाऊन डॉक्टरबाईंना देऊन आले.

दोन महिन्यांनी निकाल लागला. बायको पास झाली, अंकगणितात पैकीच्या पैकी. त्यानंतरच्या रविवारी तिच्या ऑफिसातल्या तिघी जणी घरी आल्या. पुढच्या वेळच्या परीक्षेला त्या बसणार होत्या. त्यांच्यातली थोरली मला म्हणाली, "सर, हिला संभाव्यता तुम्हीच शिकवलीत म्हणे. आम्हालाही शिकवा ना."

मला कुणी 'सर' म्हणण्याचा तो पहिलाच प्रसंग. मी आत जाऊन शर्ट बदलून आलो. भिंतीवर मोठा कागद लावला, रंगीत पेनं घेतली आणि नाण्यापासून सुरुवात केली. त्या तिघी इतक्या मन लावून लिहून घेत होत्या की एकही शब्द सुटत नव्हता. मी म्हणालो, "बाई, सगळंच उतरवायची गरज नाही. महत्त्वाचं तेवढं घ्या."

"नाही सर, सगळंच हवंय," थोरली म्हणाली. "ती म्हणाली होती, हे सांगतील ते शब्दन्‌शब्द लिहून घ्या, आणि परीक्षेत आठवून बरोबर उलट लिहा."